फूल रंगत नाही? पेल्यात आणखी रंग ओतू नका
देठातून पाणी वर चढतं हे दाखवायला पांढरी शेवंती रंगीत पाण्यात ठेवली आणि दुसऱ्या दिवशीही पांढरीच राहिली, की पहिला उपाय ठरलेला असतो: आणखी रंग. घोटाळा बहुतेक वेळा रंगात नसतो, देठाच्या खालच्या टोकाला असतो.

पानं-पाकळ्यांतून बाष्प उडतं तसं जलवाहिन्यांतलं पाणी वर ओढलं जातं, म्हणजे आत सतत ताण असतो. देठ हवेत कापला की उघड्या तोंडातून हवा आत शिरते आणि बुडबुडा अडकलेली वाहिनी पाणी चढवत नाही. म्हणून परातीत पाणी घ्या, देठ पाण्याखाली धरा आणि टोकापासून 2-3 सेंमी वर नव्या ब्लेडने तिरपा काप द्या. कात्री नको, ती देठ चेंगरते. टोक ओलं असतानाच पेल्यात घाला. बाजारातून आणलेलं फूल बराच वेळ कोरडंच पडलेलं असतं, त्याला तर हे हवंच.

आता रंग. विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसणारा प्रकार: आदल्या रात्री पेल्यात पोस्टर कलर कालवलेला, पेला बंद कपाटात, सकाळी पाणी लालभडक आणि फूल पांढरंशुभ्र. मग परीक्षक यायच्या आत पाकळ्यांवर ब्रश फिरतो. लबाडी लगेच कळते, कारण खरा रंग आधी पाकळीच्या बारीक शिरांत आणि कडांना उतरतो, ब्रशचे फराटे ओढल्यासारखा नाही. पोस्टर कलर पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण वाहिन्यांत अडकतात. हळदीचंही तेच. खाण्याचा द्रवरूप रंग घ्या, 100 मिली पाण्यात 20-25 थेंब, आणि पेला उजेडात, वारा लागेल असा ठेवा. पूर्ण रंगायला एक दिवस धरा. तेवढा धीर नसेल तर हा प्रयोग घेऊच नका.

पावसाळ्यात तेरडा मिळतो. त्याचं खोड अर्धपारदर्शक, त्यामुळे लाल रेघा बाहेरूनच दिसतात. मात्र मुळं छाटून ठेवा, धड मुळातले जिवंत थर बराचसा रंग अडवतात.

पानांतलं अन्न सालीतून खाली जातं हे दाखवणारा, साल काढण्याचा प्रयोग केळ, ऊस किंवा मक्यावर करणाऱ्यांना काय म्हणावं? तिथे वाहिन्यांचे जुडगे खोडभर विखुरलेले, सोलायला वेगळी सालच नाही. जास्वंदीची किंवा पेरूची फांदी घ्या, साधारण 2 सेंमी रुंद साल पूर्ण गोलाकार काढा आणि खालचा निसरडा थर खरवडा. तो राहिला तर जखम भरून येते. दोन दिवसांनी 'पानं सुकली नाहीत, प्रयोग फसला' असं वहीत लिहू नका. जलवाहिन्या आतल्या लाकडात शाबूत आहेत, पानं लगेच सुकतील कशाला? काही आठवड्यांनी कापाची वरची कड फुगते, कारण पानांतली साखर रसवाहिन्यांतून खाली येऊन तिथे अडते. पाहायचं ते हेच.

वनस्पतींतल्या वहनानंतर प्राण्यांतलं रक्ताभिसरण: तिथे चुका थोड्या, पण हट्टी. माणसाचं रक्त निळं नसतं, आकृतीतला निळा रंग फक्त खुणेपुरता. धमनीत नेहमी ऑक्सिजनयुक्त रक्त असतं हेही चूक. फुप्फुस धमनी ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते. धमनी म्हणजे हृदयाकडून निघणारी वाहिनी, एवढंच.

नाडी अंगठ्याने पाहू नका, अंगठ्याचे स्वतःचे ठोके मोजले जातात. तर्जनी आणि मधलं बोट मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा, 30 सेकंद मोजा आणि दुप्पट करा. जिना चढून आल्यावरची नाडी हवी असेल तर थांबल्याबरोबर मोजा, पाणी पिऊन आल्यावर नाही.