गाडी जागेवर नाही: टोइंग की चोरी, आणि पुढे काय

ठाणे-नवी मुंबईत लावलेल्या ठिकाणी गाडी दिसली नाही, तर पहिली दहा मिनिटं एकाच प्रश्नाला द्या: उचलली की चोरीला गेली?

आधी जमिनीकडे बघा. काचेचा चुरा पडलेला असेल तर चोरीचा संशय धरा. हँडब्रेक ओढलेली कार पुढून उचलून नेली तर मागची चाकं फिरत नाहीत, घासत जातात. डांबरावर दोन काळ्या रेघा उरतात. शेजारच्या दोन-चार स्कूटरही गेल्या असतील तर बहुधा टोइंगच. पानवाल्याला किंवा रिक्षा स्टँडवर ‘माझी गाडी पाहिलीत का’ असं विचारू नका, ‘टोइंगची व्हॅन किती वाजता येऊन गेली’ असं विचारा. उत्तर लगेच मिळतं.

जागा सोडण्याआधी फोटो काढा. गाडी चालवत येताना जसं दिसतं त्या दिशेने एक लांबून आणि बोर्डाचा एक जवळून. ‘नो पार्किंग’चा बोर्ड फांदीमागे किंवा कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्समागे लपलेला असतो, सम-विषम तारखेच्या बोर्डावरचा आकडा पुसलेला असतो. चलानाला हरकत घ्यायची तर हाच फोटो कामी येतो, आणि फ्लेक्स उद्या तिथे असेलच असं नाही.

मग फोन. इथे हद्दीचा घोळ होतो. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं. विटाव्यातून उचललेली गाडी ठाण्याकडे जाते, थोडं पुढे दिघ्यातून उचलली तर नवी मुंबईकडे. मुलुंड चेकनाक्यापलीकडे मुंबई सुरू. चुकीच्या ठिकाणी विचारलंत तर ‘नोंद नाही’ हे उत्तर खरंच असतं, पण त्याचा अर्थ चोरी झाली असा नाही. ११२ वर किंवा त्या भागाच्या वाहतूक शाखेला गाडीचा नंबर, रंग, नेमकी जागा आणि लावल्याची वेळ सांगा.

तोवर महाट्रॅफिकच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकून बघा. चलानाचा एसएमएस आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो; सेकंडहँड गाडीत तो बऱ्याचदा जुन्या मालकाचाच असतो. फास्टॅगचा मेसेज आला नाही म्हणून गाडी शहरातच आहे असं धरू नका. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईत शिरायच्या वाशी, ऐरोली आणि आनंदनगरच्या टोलनाक्यांवर कारला टोलच नाही.

हप्ते थकले असतील तर फायनान्स कंपनीलाही एक फोन करा. वसुलीवाले गाडी घेऊन गेले असतील तर तिथेच कळेल. कुठेच पत्ता लागला नाही, तर वेळ न घालवता गुन्हा नोंदवा. नव्या कायद्यानुसार हद्द कोणतीही असली तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंद होते. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि दोन्ही चाव्या जपून ठेवा, दाव्याच्या वेळी त्या मागतात.

गाडी टो झालेली असेल तर कायदा काय सांगतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२७: सार्वजनिक जागी दहा तास किंवा जास्त बेवारस सोडलेली, किंवा पार्किंगला मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी हलवायला वा तिला जॅमर लावायला गणवेशातला पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. रहदारीला धोका होत असेल तर लगेच. म्हणजे तुमची परवानगी लागत नाही, अधिकाऱ्याची लागते. व्हॅनवर नुसतीच पोरं असतील तर अधिकारी कोण होता हे विचारून नाव, बक्कल नंबर लिहून घ्या. टोइंगचा खर्च मालकावर आणि दंड वेगळा: साध्या नो पार्किंगला कलम १७७ खाली पहिल्यांदा ५०० रुपये, पुन्हा सापडलात तर १,५००. दोन्ही रकमा पावतीवर वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. पावती नाही तर पैसे नाहीत.

गाडी सोडवायला जाताना लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये असली तरी चालतात.

उचललेल्या गाड्या ठेवतात तिथे पैशांवरून भांडण्यात फारसं हाती लागत नाही. भांडायचं ते नुकसानीवरून, आणि गाडी बाहेर काढायच्या आधी. मोबाइलवर न थांबवता एक व्हिडिओ घ्या: नंबर प्लेटपासून सुरू करून पूर्ण फेरी, मग बंपरची खालची बाजू, चाकांवरच्या कमानी, शेवटी किलोमीटरचा आकडा. स्कूटरचे आरसे, साइड पॅनेल, फूटबोर्डखालचं प्लास्टिक आणि हँडल लॉक बघा. लॉक लावलेली गाडी ओढली की तो वाकतो. आडवी पडून पेट्रोल सांडलं असेल, वास येत असेल, तर स्टार्टर दाबू नका. स्टँडवर उभी करून वास जाईपर्यंत थांबा.

कारमध्ये खरा घात ऑटोमॅटिक गिअरचा होतो. पुढची चाकं गाडी ओढणारी आणि गिअर ‘पी’मध्ये, अशी कार मागून उचलून नेली तर पुढची चाकं जाम राहून घासतात आणि गिअरबॉक्सचा पार्किंगचा खटका तुटू शकतो. इलेक्ट्रिक कारची चाकं तर जमिनीवर फिरवत नेऊच नयेत, मोटर वीज तयार करायला लागते. चारही चाकं वर हवीत. तुमची गाडी यातली असेल तर ती कशी आणली हे विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.

काही तुटलेलं दिसलं तर तिथेच लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सहीची पोच घ्या. बाहेर पडल्यावर मोकळ्या रस्त्यावर ४०च्या वेगाने चालवून बघा. स्टिअरिंग एका बाजूला ओढत असेल किंवा थडथड जाणवत असेल तर टायर एका जागी चपटा झालाय का ते हाताने चाचपा, आणि अलाइनमेंटचं बिल तक्रारीला जोडा.

सोसायटीच्या आवारातून गाडी गेली असेल तर गोष्ट वेगळी. कलम १२७ सार्वजनिक जागेचं आहे. सेक्रेटरीने स्वतः क्रेन बोलावली तर त्याला हे कलम दाखवता येत नाही. पोलीस ठाण्यात तक्रार करा, प्रत सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे पाठवा, आणि गेटवरच्या रजिस्टरमधल्या क्रेनच्या नोंदीचा फोटो त्याच दिवशी काढून घ्या.