मोझार्टचं ‘रेक्विएम’ बसवताना

‘रेक्विएम’ (मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनेची कॉयर, म्हणजे गायकवृंद, आणि वाद्यवृंदासाठीची रचना) करायचं ठरलं की मंडळी आधी सभागृहाची तारीख घेतात. त्याआधी आवृत्ती ठरवा. ५ डिसेंबर १७९१ रोजी मोझार्ट गेला तेव्हा ही रचना अर्धवट होती. त्यातल्या ‘लाक्रिमोसा’ या भागाचे तर पहिले आठच बार (तालाची आवर्तनं) त्याच्या हातचे आहेत. सहसा वाजते ती त्याचा सहायक ज्यूसमायर याने पुरी केलेली आवृत्ती. त्यात ‘लाक्रिमोसा’च्या शेवटी ‘आमेन’ दोन कॉर्डमध्ये (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांत) संपतं. अमेरिकन संगीतज्ञ रॉबर्ट लेव्हिनच्या आवृत्तीत तिथे अख्खी फ्यूग (एकच धून एकामागून एक आवाज उचलतात तशी रचना) आहे. कॉयरकडे नेटवरून उतरवलेला स्कोर (स्वरलिपीची पूर्ण प्रत), वादकांपुढे दुसऱ्याच प्रकाशकाचे पार्ट (एकेका वाद्यापुरती प्रत) आणि पाहुण्या गायकांकडे स्वतःचं जुनं पुस्तक असेल, तर ‘सी अक्षरापासून’ (तालमीसाठी प्रतीत छापलेली खूण) म्हटल्यावर तिघं तीन ठिकाणी सुरू होतात. एकच छापील संच परवडत नसेल तर सगळ्या प्रतींत बारचे क्रमांक हाताने घाला. काम कंटाळवाणं आहे, पण तालमीचे तास वाचतात, आणि वादकांच्या तालमीला तासावर पैसे जातात.

वाद्यं अशी: २ बॅसेट हॉर्न (खालच्या सुराचं क्लॅरिनेट), २ बसून (खर्जातलं फुंकवाद्य), २ ट्रम्पेट, ३ ट्रॉम्बोन, टिम्पनीची (मोठ्या नगाऱ्यांची) जोडी, ऑर्गन आणि तंतुवाद्यं. फ्लूट, ओबो, फ्रेंच हॉर्न अजिबात नाहीत. या संगीताचा काळोखा रंग त्यातूनच येतो. ४८ जणांच्या कॉयरला ६ पहिली व्हायोलिन, ६ दुसरी, ४ व्हियोला, ३ चेलो आणि २ डबल बेस पुरतात. एकूण ३२ वादक. अडतं ते बॅसेट हॉर्नपाशी. ते मिळाले नाहीत तर क्लॅरिनेट घेता येतात, पण पार्ट नव्याने लिहून घ्यावे लागतात आणि क्लॅरिनेटच्या पट्टीखाली जाणारे स्वर एक सप्तक वर न्यावे लागतात किंवा बसूनला द्यावे लागतात. हे तालमीत उभ्याउभ्या करू नका.

ट्रॉम्बोन ट्रम्पेटच्या शेजारी बसवण्याचा मोह टाळा. या रचनेत ते बहुतेक वेळ कॉयरचे अल्टो (बायकांचा खालचा आवाज), टेनर आणि बेस (पुरुषांचे वरचा आणि खालचा आवाज) यांचेच स्वर वाजवतात, म्हणून त्यांची जागा कॉयरच्या पायाशी. गायकांना सूर तिथूनच मिळतो, आणि ट्रॉम्बोन शब्द गिळायला लागले तर ते वादकाला स्वतःलाच ऐकू येतं. ‘तूबा मीरुम’ या भागाची सुरुवात टेनर ट्रॉम्बोनच्या एकल वादनाने होते, त्याच्यासाठी चांगला वादक आधी नक्की करा, बाकीचे मागून मिळतील.

कॉयरची वाटणी १४ सोप्रानो (बायकांचा वरचा आवाज), १२ अल्टो, १० टेनर, १२ बेस. टेनर नेहमीच कमी पडतात. अल्टोतल्या दोघींना टेनरमध्ये ढकललं की खालच्या स्वरांवर आवाज नाहीसा होतो; त्यापेक्षा बेस दोनने कमी करा. माणशी दोन फूट धरून १२ जणांची ओळ २४ फुटांची होते, आणि चार ओळींना १० फूट खोली लागते. प्रत्येक पायरी आठ इंच. वादकामागे २० चौरस फूट धरा. म्हणजे ३६ फूट रुंद आणि साधारण ३४ फूट खोल मंच हवा. मराठी नाटकांच्या थिएटरात एवढी जागा झाली तरी खरी अडचण पडद्यांची असते. मागे उभ्या कॉयरचा आवाज विंगा आणि झालरी खाऊन टाकतात. झालरी वर घ्या, कॉयरमागे प्लायवुडची सलग भिंत उभारा आणि सगळा ताफा जमेल तितका पुढे आणा. माइक लावून हे सुटत नाही. त्यातून शेजारच्या टिम्पनीचाच आवाज जास्त येतो. गोव्यातल्या किंवा वसईतल्या उंच चर्चमध्ये अडचण उलटी असते. आवाज घुमत राहतो आणि ‘कीरिए’ या भागाच्या फ्यूगमधले धावते स्वर एकमेकांत मिसळतात. तिथे लय थोडी उतरवा आणि स्वर तोडून गायला लावा.

लॅटिनचे उच्चार पहिल्याच तालमीत ठरवा. चर्चमध्ये रुळलेली इटालियन पद्धत घेतली तर ‘चेली’ या शब्दातला च ‘चार’मधला; जर्मन पद्धत घेतली तर ‘चूल’मधला. मराठी जिभेला दोन्ही येतात, म्हणूनच अर्धे असं आणि अर्धे तसं म्हणतात. शब्दाअखेरचा ‘स’ हा खरा शत्रू. ‘कोन्फुतातिस मालेदिक्तिस’मध्ये ४८ जणांनी आपापल्या वेळी ‘स’ सोडला तर फुटक्या टायरसारखं ऐकू येतं. प्रत्येक गटात दोघांनीच तो म्हणावा. त्याच भागात ‘ओरो सुप्लेक्स’पासून सूर पायरीपायरीने उतरतात आणि कॉयर हमखास त्याहूनही खाली घसरतो. हा तुकडा प्रत्येक तालमीत ऑर्गनशिवाय गा आणि शेवटी पट्टी तपासा.

कॉयरला बारा आठवडे, दर आठवड्याला दोन तास. वाद्यवृंदाच्या तीन तालमी पुरतात: पहिली एकट्याची, दुसरी कॉयरसह, तिसरी सगळ्यांची, प्रत्यक्ष सभागृहात. चारही पाहुणे गायक दोन दिवस आधी पोचायला हवेत. त्यांची पहिली भेट कंडक्टर आणि पियानोवादकाशीच ठेवा. श्वास आणि लय तिथे ठरते. चौघांना कंडक्टरच्या एकाच बाजूला उभं करा. दोन डावीकडे, दोन उजवीकडे फोटोत छान दिसतं, पण ‘रेकोर्दारे’ आणि ‘बेनेदिक्तुस’ ही चौकडीची गाणी आहेत आणि त्यांना एकमेकांचं ऐकू यायला हवं.

कॉयरने बसायचं फक्त ‘तूबा मीरुम’ आणि ‘रेकोर्दारे’ला. ‘बेनेदिक्तुस’ला बसवू नका: त्याला लागूनच ‘ओसान्ना’ येतं आणि उठण्याची खडखड नेमकी चौकडीच्या शेवटावर पडते.

शेवटची तालीम कार्यक्रमाइतक्याच एसीत घ्या. गारठ्यात फुंकवाद्यांचा सूर उतरतो, तंतुवाद्यांचा चढतो. आणि डिजिटल ऑर्गनचा ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झवर असताना बाकीचे ४४२ वर लावून बसले तर तो फरक लपत नाही.

ही रचना सुमारे ५० मिनिटांची. पूर्वार्धात त्याच १७९१ सालची ‘आवे वेरुम कोर्पुस’ ही तीन-चार मिनिटांची रचना आणि क्लॅरिनेट कॉन्चेर्तो (एकल क्लॅरिनेट आणि वाद्यवृंदाची रचना) ठेवता येतो. कॉन्चेर्तोला २ फ्लूट आणि २ हॉर्न वाढतात, बसूनवादक तेच. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण वादक मंचावर यायच्या आधी उरका. लावलेली वाद्यं वीस मिनिटं दिव्यांच्या उष्णतेत राहिली की पुन्हा लावावी लागतात.

अखेरच्या कॉर्डमध्ये गंधार नाही. तानपुऱ्यासारखे नुसते सा आणि प. कुणीतरी टेनर सवयीने गंधार घुसवतो, त्याला तालमीतच शोधा. श्रोत्यांनाही ते संपल्यासारखं वाटत नाही, म्हणून प्रकाशयोजनाकाराला बजावा: कंडक्टरचे हात खाली येईपर्यंत सभागृहातले दिवे लावायचे नाहीत.