ट्यूब प्रीअँप किटचं नवीन व्हर्जन येतंय? तोपर्यंत जुन्यावर हे करून ठेवा

ट्यूब प्रीअँपचं, म्हणजे पॉवर अँपच्या आधी लावायच्या काचेच्या ट्यूबवाल्या अँपचं, सुधारित किट येणार असं कळलं की जुनं किट एकदम नकोसं व्हायला लागतं. माझंही तसंच झालं होतं, अर्धवट जोडलेलं बोर्ड उचलून कपाटात टाकलं आणि वाट बघत बसलो, महिने गेले. नंतर कळलं की नवीन व्हर्जनमध्ये ज्या सुधारणा येतात त्यातल्या निम्म्याशिम्म्या आपण जुन्या बोर्डावर आत्ताच करू शकतो, आणि जुन्याची मापं हातात नसतील तर नवीन खरंच सुधारलंय की नुसतं नवं आहे म्हणून गोड वाटतंय, हे सांगायला काही आधारच राहत नाही. म्हणून एक वही घ्या आणि खालचं सगळं त्यात लिहीत चला.

पायरी १ – थांबायचं की पुढे जायचं

किट अजून घेतलंच नसेल तर सरळ थांबा. घेतलं असेल, अर्धं झालं असेल, तर पूर्ण करा. ट्यूब वाया जात नाहीत, नवीनमध्ये तीच ट्यूब असेल तर काढून तिकडे लावता येते. फक्त एक बघा, १२एएक्स७, १२एटी७ आणि १२एयू७ या तिघींच्या पिना सारख्या आहेत पण ६डीजे८ चं हीटरचं (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेचं) कनेक्शन वेगळं असतं, सॉकेट तेच नऊ पिनांचं म्हणून खुपसून देऊ नका.

पायरी २ – आधी जिवाची काळजी

हे मी दरवेळी सांगतो आणि सांगत राहणार. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतो आणि स्विच बंद केला म्हणून तो जात नाही. ट्यूब लावलेल्या असतील तर गरम असेपर्यंत त्या थोडा चार्ज ओढून घेतात, पण ट्यूब काढलेल्या असतील तर फिल्टर कॅपॅसिटर (सप्लायचा डीसी सपाट करणारा) भरलेलाच बसून राहतो. तुमच्या किटमध्ये ब्लीडर रेझिस्टर (बंद केल्यावर कॅपॅसिटर हळूहळू रिकामा करणारा) नसेल तर ही पहिली सुधारणा, आजच करा. १०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरवर २२० के (किलोओहम) लावला तर ३०० व्होल्टचे २ व्होल्ट व्हायला जेमतेम दोन मिनिटं लागतात. वॅटेज अर्ध्या वॅटच्या आत येतं पण २ वॅटचा घ्या, बारक्या पाव वॅटच्या रेझिस्टरला एवढं व्होल्टेज बहुतेकदा सोसत नाही. आणि ब्लीडर असला तरी हात घालायच्या आधी मीटर लावून बघायचंच. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची सवय असेल तर सोडा, १० के ५ वॅटच्या रेझिस्टरला इन्सुलेटेड क्लिपा लावून ठेवा आणि त्यातून डिस्चार्ज करा.

पायरी ३ – व्होल्टेज लिहून काढा

मीटरची काळी क्लिप ग्राउंडला अडकवून टाका आणि एकाच हाताने मोजा, दुसरा हात खिशात. प्रत्येक ट्यूबचं प्लेट, कॅथोड, हीटर आणि सप्लायचं बी प्लस (ट्यूबना मिळणारा मुख्य जास्त व्होल्टेजचा डीसी), एवढं पुरे.

आता आकडे बोलतात कसे ते बघा. १२एएक्स७ आहे, सप्लाय २५० व्होल्ट, प्लेटला १०० के, कॅथोडला १.५ के. कॅथोडवर १.३ व्होल्ट दिसले म्हणजे करंट झाला साधारण ०.८७ मिलीअँपिअर, तोच करंट १०० के मधून जातो म्हणजे तिथे ८७ व्होल्ट पडणार, मग प्लेटवर १६३ च्या आसपास दिसायला हवेत. दिसले तर ती स्टेज ठीक आहे. नाही जुळले तर कुठलातरी रेझिस्टर सरकलाय किंवा ड्राय सोल्डर (नीट न बसलेला सांधा) आहे, किंवा आधीच्या स्टेजचा कपलिंग कॅपॅसिटर (दोन स्टेज जोडणारा) लीक होऊन ग्रिडवर, म्हणजे ट्यूबला सिग्नल मिळतो त्या पिनवर, डीसी ढकलतोय. ग्रिडवर मीटर लावा, शून्याच्या आसपास असायला हवं. दोन्ही चॅनेलचे आकडे शेजारी शेजारी लिहा, फरक लगेच डोळ्यात भरतो.

पायरी ४ – हम (मागे सतत येणारं घूं) कुठून येतो ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या कारण नवीन व्हर्जनमध्ये बहुतेक मेहनत यावरच घेतलेली असते.

इनपुट शॉर्ट करा, अँप चालू करा, स्पीकरला कान लावा. वीज ५० हर्ट्झची असेल तर दोन प्रकारचे आवाज येतात. एक खोल, गुळगुळीत घूं, तो ५० चा, हीटरच्या वायरिंगमधून नाहीतर ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो. दुसरा जरा खरखरीत, कडा असलेला, तो १०० चा, म्हणजे रेक्टिफायरनंतरचा रिपल (डीसीवर उरलेली लहर), फिल्टर कमी पडतोय. (६० हर्ट्झ असेल तिथे ६० आणि १२०.) कानाला कळत नसेल तर फोनवरच्या स्पेक्ट्रम अ‍ॅपमध्ये दिसतं. मग व्हॉल्यूम फिरवा. आवाज कमीजास्त झाला तर गडबड व्हॉल्यूमच्या पॉटच्या आधी, नाही झाला तर नंतर.

माझ्याकडे व्हॉल्यूम शून्यावरसुद्धा तोच खोल घूं यायचा, मी फिल्टर कॅपॅसिटर दुप्पट केला, काहीच फरक नाही, कारण रोग १०० चा नव्हताच. शेवटी बोर्ड उलटं केलं तर हीटरच्या दोन वायरी सरळ, सैल, ग्रिडच्या वायरीला चिकटून दोनेक इंच गेलेल्या. त्या काढून नव्या दोन वायरींना ड्रिलमध्ये धरून घट्ट पीळ दिला, चॅसिसच्या कोपऱ्यातून नेल्या, ग्रिडजवळ फक्त काटकोनात ओलांडल्या, आणि परत चालू केलं तेव्हा मी दोनदा तपासलं की अँपचा स्विच चालू आहे ना. इतकं शांत.

अजून एक, पेन्सिलने ट्यूबच्या काचेला अगदी हलकं टिचकवा. टिंग असा आवाज स्पीकरमधून आला तर ती ट्यूब मायक्रोफोनिक आहे, तो दोष सर्किटचा नाही, वहीत वेगळा लिहा.

पायरी ५ – बास गेलाय का बघा

ट्यूब प्रीअँपचा आउटपुट कॅपॅसिटर आणि पुढच्या अँपचा इनपुट इंपीडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध) मिळून एक फिल्टर होतो. १ भागिले २ पाय (π) आर सी, एवढं गणित. ०.४७ मायक्रोफॅरड आणि १०० के असेल तर जवळपास साडेतीन हर्ट्झ, काही प्रश्न नाही. पण ट्रान्झिस्टर अँप १० के चा असेल तर तेच ३४ हर्ट्झवर जातं आणि खालचा बास पातळ होतो. अशा वेळी २.२ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा पॉलीप्रोपिलीन लावा, ७ हर्ट्झवर येतं. मात्र हे आउटपुटला कॅथोड फॉलोअर (सिग्नल प्लेटऐवजी कॅथोडवरून काढणारी स्टेज) असेल तरच. नुसती १२एएक्स७ ची प्लेट बाहेर काढली असेल तर तिचा आउटपुट इंपीडन्सच ३८ के च्या घरात, १० के ओढायची तिची ताकद नाही, कॅपॅसिटर कितीही मोठा लावा. आणि कॅपॅसिटर वाढला की चालू-बंद करताना धप्प आवाजही वाढतो, म्हणून नवीनमध्ये म्यूट रिले (चालू-बंद करताना आउटपुट तोडणारा) असावा असं मला मनापासून वाटतं.

पायरी ६ – काय आणायचं, काय नाही

सॉकेट, चांगलं सोल्डर, वायर, फिल्म कॅपॅसिटर आणून ठेवा. इलेक्ट्रोलिटिक आत्तापासून साठवू नका, ते पडून पडूनही म्हातारे होतात. आणि चॅसिसला भोक पाडू नका! बोर्डाचं माप बदलणारच.

पायरी ७ – नवीन सर्किट हातात आलं की

सुंदर बोर्ड बघून भुलू नका, तीन गोष्टी बघा. पहिली गेन, म्हणजे सिग्नल किती पटीने वाढतो ते. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो, बहुतेक पॉवर अँपना फुल व्हायला साधारण तेवढंच किंवा त्याहून कमी लागतं, मग पन्नासपट गेन कशाला? त्यामुळेच व्हॉल्यूम जरासा उघडला की घर दणाणतं आणि हम पण तितकाच वाढून येतो. १२एयू७ (हिचा गेन कमी) वर आले असतील तर चांगली खूण आहे. दुसरी, हीटर डीसी केला असेल तर तुमचा जुना ट्रान्सफॉर्मर पुरेल का, ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला ब्रिज रेक्टिफायर आणि साधा रेग्युलेटर लावला तर रेग्युलेटरला श्वास घ्यायला व्होल्टेजच उरत नाही, ९ व्होल्टचं वाइंडिंग लागतं, आणि डीसी करंटच्या पावणेदोनपट तरी वाइंडिंगची क्षमता हवी. तिसरी, कॅथोड फॉलोअर असेल तर त्याचा कॅथोड शंभरेक व्होल्टवर बसतो, तेव्हा हीटरलाही डीसी व्होल्टेज देऊन वर उचललंय का ते बघा, ईसीसी ८३ आणि ईसीसी ८२ मध्ये (१२एएक्स७ आणि १२एयू७ चीच युरोपियन नावं) हीटर-कॅथोडची मर्यादा १८० व्होल्टच आहे.

पायरी ८ – चालू करणं आणि तुलना

पहिल्यांदा ट्यूब न लावता, सिरीज बल्बमधून (मेन्सच्या वायरीत मालिकेत जोडलेला). बल्ब फिलामेंटचाच हवा, एलईडी चालत नाही. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर लगेच बंद. ट्यूब नसताना बी प्लस नेहमीपेक्षा वर चढतं, कॅपॅसिटरचं रेटिंग त्याला पुरतंय ना ते आधीच बघा. मग ट्यूब लावा आणि पायरी ३ ची मापं पुन्हा.

ऐकून तुलना करताना दोघांचा आवाज सारखा करून घ्या कारण जो थोडा मोठा वाजतो तो कानाला चांगलाच वाटतो, कोणाच्याही. ४०० हर्ट्झचा टोन सोडा (साध्या मीटरचं एसी माप याच्या फार वर भरवशाचं राहत नाही), आउटपुटला एकाचे ५०० मिलीव्होल्ट आले तर दुसऱ्याचेही पाच-सहा मिलीव्होल्टच्या फरकाने तेवढेच आणा, मग गाणी लावा. मी दुसऱ्या कोणालातरी केबल बदलायला लावतो आणि पाठ करून बसतो. वहीत आधी काय ऐकलं ते लिहायचं, कुठलं वाजत होतं ते मग विचारायचं.