वॉरंटीतला कॅमेरा बिघडला? गावातून दुरुस्ती अशी करून घ्या

ऐन लगीनसराईत कॅमेरा बंद पडला की पाय आपसूक तालुक्याच्या रिपेअरिंगवाल्याकडे वळतात. वॉरंटी बाकी असेल तर तिथे कॅमेरा अजिबात उघडू देऊ नका. बाहेर खोललेला कॅमेरा दिसला की कंपनी हात वर करते.

आधी घरीच तपासा. कार्ड बदला, दुसरी बॅटरी लावा, सेटिंग रिसेट करा. लेन्स काढून तिच्या मागचे सोनेरी ठिपके कोरड्या मऊ कापडाने पुसा. कॅननवर ‘एरर ०१’ येतो तेव्हा बॉडी आणि लेन्सचा संपर्क बिघडलेला असतो. कधी कधी एवढ्या पुसण्यानेच काम भागतं. बिघाड अधूनमधून येत असेल तर मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण सेंटरच्या काउंटरवर कॅमेरा हमखास नीट चालतो.

मग बिल काढा. पक्कं, जीएसटीचं. कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेला सिरियल नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहा. लेन्सचा नंबर वेगळा असतो.

कंपनीचा फोन नंबर वॉरंटी कार्डावरूनच घ्या. गुगलवर सापडलेला ‘कस्टमर केअर’ कित्येकदा भामट्याचा निघतो. ओटीपी मागितला किंवा एखादं ॲप टाकायला सांगितलं की फोन ठेवा. नागपूर-अमरावतीत अधिकृत सेंटर आहे की नुसतं जमा करायचं ठिकाण, हे आधीच विचारा; धारणी किंवा सिरोंच्याहून निघणाऱ्याचा अख्खा दिवस त्यात जातो. कुरिअरने पाठवणार असाल तर बॅटरी आणि कार्ड काढून घ्या आणि पॅकिंगचा व्हिडिओ करा.

सगळ्यात जास्त लक्ष जॉबशीटवर, म्हणजे कॅमेरा जमा करताना सेंटरवाले भरतात त्या कागदावर द्या, पुढचा सगळा वाद त्या कागदावरच ठरतो. नुसतं ‘चालत नाही’ असं लिहू देऊ नका. ‘दहा-पंधरा फोटोंनंतर स्क्रीन काळी पडते, बॅटरी काढून घातली की सुरू होतो’ असं सांगा आणि तसंच लिहून घ्या. कॅमेऱ्याची अवस्था लिहिलेला रकाना सही करण्याआधी वाचा. तिथे ‘पडलेला’ किंवा ‘पाणी गेलेलं’ असं लिहिलं असेल आणि ते खरं नसेल तर, “भाऊ, हे खोडा, मगच सही करतो,” असं स्पष्ट म्हणा. ‘विचारल्याशिवाय पैशाचं काम करू नये’ हेही लिहून घ्या. पावसाळ्यात लेन्सला धरलेली बुरशी, उन्हाळ्यातला फुफाटा, हळदीत आत गेलेली पूड, हे सहसा वॉरंटीत बसत नाही.

परत घेताना तिथेच आपलं कार्ड घालून फोटो काढून बघा.

नकार मिळाला तर कारण लेखी मागा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करा. तेवढ्याने भागलं नाही तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही. ‘धंद्यासाठी घेतलाय, तुम्ही ग्राहकच नाही’ असं कोणी सुनावलं तर घाबरू नका. स्वतः फोटो काढून त्यावरच पोट भरणाऱ्याला हा कायदा ग्राहकच मानतो.