पोराला बारीक ताप आहे, कार्याला न्यायचं का?

रविवारी कराडला बारसं आणि शनिवारी रात्री पोराचं नाक वाहायला लागतं. किंवा विट्याला जावळ ठरलंय आणि ज्याला मामाच्या मांडीवर बसायचंय तेच पहाटे उलटी करतं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात लग्नसराई आणि गावोगावच्या यात्रा एकदमच येतात, त्यामुळे प्रत्येक घरावर ही वेळ येतेच. बहुतेक घरांत एवढंच विचारलं जातं, 'त्याला झेपेल का?' ते विचारायचंच. पण कार्यात कोण कोण असणार, हे मला त्याहून वजनाचं वाटतं, आणि ते क्वचितच कोणी विचारतं.

सकाळी, औषध देण्याआधी ताप बघा

कपाळाला हात लावून अंदाज येतो, ताप कळत नाही. काखेतला घाम पुसा, डिजिटल थर्मामीटरचं टोक काखेच्या खोलगट भागात ठेवा आणि बीप वाजेपर्यंत दंड अंगाला घट्ट धरा. 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त आलं तर ताप आहे, आणि जाणं रद्द. काखेतला आकडा आतल्या तापापेक्षा थोडा कमीच दिसतो. म्हणून 99.5 च्या आसपास असेल आणि पोर मलूल, चिडचिडं असेल, तर तोही तापच धरा.

'सिरप पाजू आणि निघू' हा आपला आवडता तोडगा. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, पण संसर्ग तिथेच राहतो आणि पसरायचा थांबत नाही. शिवाय त्याचा असर चार ते सहा तास. सकाळी नऊला पाजून साताऱ्याहून म्हसवडला निघालात, तर पंगत बसायच्या सुमारास पोर पुन्हा तापणार, आणि परतीची एसटी अजून बाकीच. साधा नियम असा, की औषधाशिवाय 24 तास ताप नसेल तरच बाहेर काढायचं.

पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत आणखी एक सांभाळा. डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमारास धोका वाढू शकतो. ताप गेला, पण पोट दुखतंय, उलट्या होतायत किंवा पोर झोपाळलंय, तर कार्य विसरा आणि आधी दवाखाना गाठा.

ताप नसेल तर लक्षणं बघा

नुसतं नाक वाहतंय, पोर खातंय, अंगणात पळतंय, तर नेता येतं. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे आजार वाढला असं नाही, साध्या सर्दीतही तो तसा होतो. सर्दी गेल्यावर मागे राहिलेला खोकलाही दोन-दोन आठवडे रेंगाळतो, त्यासाठी मूल कोंडून ठेवायचं कारण नाही.

पोट बिघडलं असेल तर मात्र नाही. शेवटची उलटी किंवा जुलाब होऊन निदान 24 तास, जमलं तर 48 तास जाऊ द्या. असे विषाणू सॅनिटायझरला फारसे दाद देत नाहीत, साबण-पाणीच लागतं, आणि कार्यालयातल्या बेसिनवर साबणाची वडी सापडेलच याचा भरवसा नाही. त्यात माण-खटावचं किंवा आटपाडी-जतचं मे महिन्यातलं ऊन. जुलाब झालेल्या पोराच्या अंगातलं पाणी तिथं झपाट्याने कमी होतं.

कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत, गोवरात पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस घरीच. डोळे आलेत आणि चिकट घाण येतेय, किंवा तोंडात-तळहातावर फोड आहेत, तरी थांबायचं.

आता तिथं कोण आहे ते आठवा

ज्या सर्दीने शेजारच्या मुलांत फार काही बिघडणार नाही, तीच बारशाच्या घरात महागात पडू शकते. बाराव्या दिवसाच्या बाळाला फार तर जन्मतःच्या लसी मिळालेल्या असतात: बीसीजी, पोलिओचे थेंब, हिपॅटायटिस बी. डांग्या खोकल्याविरुद्धची लस दीड महिन्यापासून सुरू होते, गोवराची नवव्या महिन्यात. आणि बारशात काय होतं? पाळण्याभोवती पोरांचा गराडा, प्रत्येकाला बाळाचा गाल ओढायचा असतो, मग तेच हात घुगऱ्यांच्या ताटात. आपल्या पोराची साधी सर्दी त्या बाळाच्या छातीत उतरू शकते. तीन महिन्यांखालच्या बाळाला 100.4 ताप आला की घरी वाट बघत नाहीत, थेट डॉक्टरकडे नेतात. म्हणून बारशाला खोकणारं पोर न्यायचं नाही, माझ्या लेखी इथं चर्चाच नाही.

डोहाळजेवणाचंही तेच. गोवर, कांजिण्या आणि रुबेला गरोदर बाईला किंवा पोटातल्या बाळाला बाधू शकतात, तेव्हा अंगावर कसलंही पुरळ असेल तर जाऊ नका. घरात कोणाची केमो चालू असेल, आजोबांना दम्याचा त्रास असेल, तरी हाच विचार करा.

याउलट हरिपूरच्या देवळात मोकळ्यावर दर्शन, किंवा मळ्यात दोन-चार घरांचं जेवण असेल, तर सर्दीचं पोर खुशाल न्या. बंद एसी हॉल आणि यात्रेतली रेटारेटी वेगळी.

नाही म्हणायचा फोन

खरी अडचण इथं आहे. 'एवढ्याशा सर्दीला आले नाहीत' हे भावकीत वर्षभर ऐकावं लागतं. म्हणून फोन आदल्या रात्री किंवा सकाळी लवकर करा, आणि मोघम बोलू नका. 'तब्येत बरी नाही' म्हटलं की समोरून 'अहो, घेऊन या, इथं बसून राहील' येणारच. त्यापेक्षा असं बोला: 'आत्या, राजूला रात्रीपासून ताप आणि खोकला आहे. बाळाजवळ नको म्हणून मी त्याला घेऊन घरीच थांबते. हे येतील, आहेर त्यांच्याकडे देते.' बाळाचं कारण पुढे केलं की आत्याही पुढे काही म्हणत नाहीत. एकाने जायचं, एकाने थांबायचं, ही सोय सगळ्यांत चांगली. दर वेळी थांबणारी आईच नसावी, एवढं बघा.

जावळ आपल्याच पोराचं असेल तर घरच्यांशी बोलून तारीख पुढे ढकला. मामाला राग येईल तो पेढ्यांनी जाईल.

नेलंच तर

वेगळी बाटली, वेगळा रुमाल. खोकताना कोपराच्या घडीत तोंड घालायला शिकवा. फोटोपुरतंही कोणाच्या मांडीवर देऊ नका. जेवण झालं की निघा, पानसुपारीला थांबू नका. श्वास भराभर चालतोय, छाती आत ओढली जातेय, सहा-आठ तास लघवी नाही, पाणीही तोंडात घेत नाही, अंग ढिलं पडलंय, यातलं काहीही दिसलं तर तिथूनच जवळचा दवाखाना गाठा.

परत आल्यावर एक-दोन दिवसांत पोराच्या अंगावर कांजिण्या उठल्या तर यजमानांना लगेच कळवा. फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्या पसरतात, म्हणजे कार्यात त्या पसरल्या असू शकतात. अवघड वाटतं, तरी फोन कराच, कारण गरोदर बाईला किंवा तान्ह्या बाळाला संपर्क आल्याचं वेळेत समजलं तर डॉक्टरांना उपाय करता येतात.