हंगामाआधीच सुरू करावी सर्व्हरची नोंद : लिनक्सवरील कामगिरीची आकडेवारी

यवतमाळ, वर्धा किंवा अकोला जिल्ह्यातील एखाद्या जिनिंगमध्ये वजनकाटा, पावत्या आणि हिशेब एकाच लिनक्स सर्व्हरवर चालत असतील, तर ‘मशीन हळू चालते’ ही तक्रार नेमकी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असतानाच येते. अशा वेळी ‘टॉप’ कमांड चालवल्यास फक्त त्या क्षणाची स्थिती दिसते. अर्ध्या तासापूर्वी काय घडले, किंवा गर्दी नसलेल्या दिवशी हेच आकडे किती असतात, हे तिच्यातून कळत नाही. त्यामुळे आकड्यांची नोंद सप्टेंबरातच सुरू करून ठेवावी.

यासाठी प्रोसेसर, मेमरी व डिस्कचे आकडे ठराविक अंतराने नोंदवणारे ‘सिसस्टॅट’ हे पॅकेज पुरेसे आहे. डेबियन व उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर ते ‘एप्ट’ कमांडने, तर रेड हॅटच्या कुळातील प्रणालींवर ‘डीएनएफ’ने बसवता येते. डेबियनच्या बऱ्याच आवृत्त्यांत पॅकेज बसवले तरी नोंद बंदच असते. ‘ईटीसी’खालील ‘डिफॉल्ट’ डिरेक्टरीत ‘सिसस्टॅट’ नावाची फाइल असते, तिच्यातील ‘एनेबल्ड’चे मूल्य ‘ट्रू’ करून मग ‘सिस्टिमसीटीएल’ कमांडने सेवा सुरू करावी. जुन्या नोंदी किती दिवस ठेवायच्या हे ‘हिस्टरी’ या मूल्यावर ठरते. डेबियनमध्ये ते सहसा ७ असते आणि आठवडी बाजाराचे दोन दिवस ताडून पाहायलाही ते अपुरे पडते. ते २८ करावे.

नोंद दर १० मिनिटांनी होते. काट्यावरची अडचण दोन-तीन मिनिटांचीच असेल, तर ती या सरासरीत बुडून जाते. म्हणून ही नोंद ठरल्या वेळी चालवणारा सिसस्टॅटचा टायमर बदलून अंतर १ किंवा २ मिनिटांवर आणावे. बदल करताना ‘ऑनकॅलेंडर’ची (वेळापत्रकाची) एक ओळ आधी रिकामी लिहावी आणि त्याखाली नवे वेळापत्रक द्यावे, अन्यथा जुने व नवे अशी दोन्ही वेळापत्रके चालू राहतात.

नोंदी ‘सार’ कमांडने वाचाव्यात. पर्यायांची अक्षरे लहान लिपीतली आहेत : ‘क्यू’ने लोड (चालू व थांबलेल्या कामांची सरासरी संख्या), ‘यू’ने प्रोसेसर, ‘आर’ने मेमरी, ‘डी’ने डिस्क. लोड पाहताना घाई करू नये. लिनक्समध्ये प्रोसेसरसाठी थांबलेल्या कामांबरोबरच डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेली कामेही लोडमध्ये धरली जातात. त्यामुळे लोड चढलेला आणि प्रोसेसर मात्र बराचसा रिकामा असे दिसले, तर ‘आयओवेट’चा (डिस्कसाठी थांबण्यात गेलेल्या वेळेचा) रकाना आणि डिस्कच्या अहवालातील ‘अवेट’चे (डिस्कने उत्तर द्यायला घेतलेल्या सरासरी वेळेचे) मिलिसेकंद पाहावेत. अशा वेळी नवा प्रोसेसर घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. मेमरीच्या बाबतीत ‘फ्री’चा आकडा कमी दिसणे स्वाभाविक आहे, कारण रिकामी मेमरी लिनक्स कॅशसाठी (डिस्कवरील माहिती हाताशी ठेवण्यासाठी) वापरते, ‘अव्हेल’चा (प्रत्यक्षात उपलब्ध मेमरीचा) रकाना खरा.

आपल्याकडे भारनियमनाचा हिशेबही याच नोंदीत सापडतो. सर्व्हर पुन्हा सुरू झाला की अहवालात ‘लिनक्स रिस्टार्ट’ अशी ओळ उमटते, आणि तिच्या आधीची मोकळी जागा म्हणजे सर्व्हर बंद असलेला काळ. मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली असेल तर वीज परतल्यावर घड्याळ मागे जाते आणि नोंदी चुकीच्या तारखेच्या फाइलीत जातात. घड्याळ जुळवणारी ‘क्रोनी’ ही सेवा वेळ दुरुस्त करते, पण इंटरनेट आल्यावरच. त्यामुळे ती स्वस्त बॅटरी आधी बदलावी.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीतला प्रोसेसर तापून स्वतःचा वेग उतरवू शकतो. तापमानाची नोंद मात्र आपोआप होत नाही. सिसस्टॅटच्या सेटिंगमधील ‘एसएडीसी ऑप्शन्स’मध्ये मोठ्या लिपीतील ‘एस’ या पर्यायापुढे ‘पॉवर’ लिहून ती मागावी लागते, आणि मशीनचे सेन्सर लिनक्सला ओळखता आले पाहिजेत.

नोंदींच्या मूळ फाइली बायनरी (साध्या मजकुराच्या नसलेल्या) असल्याने सिसस्टॅटच्या वेगळ्या आवृत्तीला त्या वाचता येतीलच असे नाही. म्हणून २८ दिवस उलटण्याआधीच सिसस्टॅटच्या ‘एसएडीएफ’ कमांडला ‘डी’ हा पर्याय देऊन अर्धविरामांनी विभागलेला मजकूर तयार करावा आणि तो दुसऱ्या मशीनवर ठेवावा. स्प्रेडशीटमध्ये तो थेट उघडतो.