सोलर पंप आला म्हणून गहू वाढवायच्या आधी विहिरीत दोरी सोडून बघा

रामराम मंडळी, पाऊस उघडलाय, ज्वारीची पेर उरकत आली, आता हरभरा का गहू ह्याच्यावर पारावर चर्चा चालूय. औंदा बऱ्याच जणांकडं सोलर पंप बसलेत, त्यामुळं रात्रीच्या लाईटीची कटकट गेली, बिबट्याच्या भीतीनं बॅटरी घेऊन दारं धरायला जाणं बंद झालं, झकास काम झालं. पण लाईटबिल नाही म्हटल्यावर मोटार ऊन असेपर्यंत चालूच राहते आणि फेब्रुवारीत विहीर तळ दाखवते. फुकट झाली ती वीज, पाणी नाही.

म्हणून पेरायच्या आधी एक हिशोब करा. ३० फूट व्यासाची गोल विहीर असंल तर एक फूट पाण्यात साधारण २० हजार लिटर बसतं. एक एकर पाटानं भिजवायला, ६ सेंटिमीटरची पाळी (एका वेळचं पाणी) धरली तर, २ लाख ४० हजार लिटर लागतं, म्हणजे एका पाळीला १२ फूट विहीर रिकामी. गव्हाला सहा पाळ्या म्हणजे ७२ फूट, आणि हरभऱ्याचं दोन पाण्यात भागतं, २४ फूट. आवक, म्हणजे विहिरीत झऱ्यानं नव्यानं येणारं पाणी, वेगळी मोजायची. संध्याकाळी मोटार बंद करून दोरीला गाठ मारा, सकाळी किती फूट चढलं ते बघा, पण आत्ताची आवक मार्चपर्यंत तशीच राहील असं धरून चालू नका, आपल्या काळ्या खडकात पाणी वरच्या मुरमात आन् फटीत असतं, ते लवकर ओसरतं.

मग अजून खाली बोअर घेऊ म्हणणारे भेटतील. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरची, म्हणजे २०० फुटांची मर्यादा आहे, आणि खाली पाणी लागलं तरी बऱ्याचदा ते शेजाऱ्याच्याच विहिरीचं असतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं शेतीला बोअर बंद केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवतात, तेही अवर्षणाच्या पट्ट्यात.

पाणी कमी निघालं तर गव्हाचं क्षेत्र निम्म्यावर आणा, पण २१ दिवसांचं, मुकुटमुळं फुटतानाचं पाणी अजिबात चुकवू नका. हरभऱ्याला एक फुलोऱ्याच्या आधी, एक घाटे भरताना, बास. भारी रानात जास्त दिलं की नुसता पाला माजतो आणि मर रोग लागून झाडं वाळतात. ठिबक असंल तर सरळ ठिबकवरच घ्या. लाईटीवर मोटार असणाऱ्यांनी लाईट आली की आपोआप मोटार चालू करणारा ऑटोस्विच काढून टाका, झोपेत पाणी शेजारच्या ओढ्याला जातं.

पडीक माळ असंल अन् सबस्टेशन जवळ असंल तर सौर कृषी वाहिनी ह्या सरकारी योजनेत सोलर प्रकल्पाला भाड्यानं द्यायचा विचार करा, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, दरवर्षी ३ टक्के वाढ. पण पिकतं रान कुणी देऊ नका राव. करार तालुक्यातल्या वकिलाला दाखवूनच सही करा.

विहिरीचं माप वहीत लिहा, पुढचं जानेवारीत घ्या, मग मार्च, मग मे.